पावती हरवली म्हणून खर्च हरवत नाही

आयकराचं विवरणपत्र भरायचे दिवस जवळ आले की माझ्याकडे तीन प्रकारची माणसं येतात. पहिल्या प्रकारची माणसं महिन्यावार लावलेल्या फायली घेऊन येतात. त्यांच्याशी माझं काम अर्ध्या तासात संपतं. दुसऱ्या प्रकारची माणसं कापडी पिशवी टेबलावर उपडी करतात. पेट्रोलपंपाच्या अक्षरं उडालेल्या चिठ्ठ्या, लॉजची बिलं, कुरिअरच्या पावत्या आणि त्यांतच कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. तिसरी माणसं रिकाम्या हातानं येतात आणि विचारतात, "साहेब, खर्च तर झाला. पण पावत्या नाहीत. आता काय?"

आज मी बोलणार आहे ते या तिसऱ्या माणसांसाठी. गावोगावी त्यांच्या या प्रश्नाला दोन उत्तरं मिळतात आणि ती दोन्ही चुकीची आहेत. एक म्हणतो, "पावती नाही ना? मग तो खर्च विसरा." दुसरा म्हणतो, "टाका हो अंदाजानं एक आकडा. कोण विचारतंय?" पहिलं उत्तर ऐकलं तर माणूस नसलेल्या उत्पन्नावर कर भरतो. दुसरं ऐकलं तर कधीतरी दंडाची नोटीस येते. खरं उत्तर या दोहोंच्या मधे आहे. थोड्या कष्टाचं आहे, पण अवघड नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. हा प्रश्न नोकरदारांपेक्षा दुकानदार, कंत्राटदार, डॉक्टर, वकील, वाहनमालक अशा स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यांना जास्त छळतो. आपल्याकडे पगारदार माणसाला कामासाठी केलेला एकेक खर्च पगारातून वजा मागता येत नाही. त्याऐवजी कायदा त्याला एक ठोक रक्कम सरसकट वजा करू देतो. तिला प्रमाणित वजावट म्हणतात. मधली काही वर्षं ती बंद होती. २०१८ च्या अर्थसंकल्पात ती ४० हजार रुपये म्हणून परत आली, २०१९ मध्ये ५० हजार झाली आणि २०२४ च्या अर्थसंकल्पापासून नव्या करप्रणालीत ती ७५ हजार रुपये आहे. या रकमेसाठी एकही पावती लागत नाही. बूट घ्या, बसचा पास काढा, पुस्तकं घ्या किंवा काहीच घेऊ नका, वजावट तेवढीच. मालकानं दौऱ्यासाठी दिलेला भत्ता मात्र कामासाठी खर्च झाला तेवढ्यापुरताच करमुक्त असतो. म्हणून फिरतीवरच्या माणसानं तिकिटं आणि लॉजची बिलं जपलेली बरी.

व्यवसाय करणाऱ्याचं गणित वेगळं. त्याचा कर विक्रीवर नसतो, नफ्यावर असतो. नफा म्हणजे मिळालेले पैसे वजा झालेला खर्च. खर्च मान्य झाला नाही की कागदावरचा नफा फुगतो आणि त्या फुगलेल्या नफ्यावर कर द्यावा लागतो. म्हणून पावती हा त्याच्यासाठी पोटापाण्याचा प्रश्न होतो.

एका नटाचा खटला

या विषयावरचा सगळ्यात गाजलेला खटला एका नटाचा आहे. जॉर्ज एम. कोहॅन हा न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरचा नट, गीतकार आणि निर्माता. मोठा खर्चिक माणूस. नटमंडळींना, नोकरांना, नाट्यसमीक्षकांना जेवू घालायचं, प्रवासात सगळ्यांची बडदास्त ठेवायची आणि हिशेब मात्र कुठंच लिहायचा नाही. १९२१ च्या सुमारास दोन-अडीच वर्षांच्या अशा खर्चापोटी त्यानं ५५ हजार डॉलरची वजावट मागितली. कर न्यायमंडळ म्हणालं, खर्च झाला असेल, पण किती झाला ते ठरवायला आधार नाही. म्हणून काहीच मिळणार नाही.

१९३० साली हे प्रकरण अपील न्यायालयात न्यायमूर्ती लर्नेड हँड यांच्यापुढे आलं. त्यांनी निकाल फिरवला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, खर्च झाला हे एकदा मान्य केलं तर मग शून्य रुपये हा आकडा बरोबर असूच शकत नाही. अगदी काटेकोर आकडा मिळणार नसेल तर जमेल तितका जवळचा अंदाज करा. मात्र हिशेब न ठेवण्याचा दोष या माणसाचा स्वतःचा आहे, तेव्हा अंदाज करताना हात आखडता ठेवा.

हा निकाल 'कोहॅन नियम' म्हणून प्रसिद्ध झाला. पण गोष्ट इथं संपत नाही. लोक त्या नियमाच्या आडोशानं काहीही मागू लागले. म्हणून अमेरिकेच्या संसदेनं १९६२ साली कायदा बदलला आणि प्रवास, खानपान, भेटवस्तू अशा खर्चांसाठी लेखी पुरावा सक्तीचा केला. त्या खर्चांपुरता कोहॅनचा आधार संपला. बाकीच्या खर्चांसाठी तो अजून चालतो. म्हणजे सवलत मिळते ती प्रामाणिकपणे अडचणीत आलेल्याला. तिचा धंदा केला की ती जाते.

आपल्याकडचा न्याय

आपल्या न्यायालयांनीही जवळपास हाच रस्ता धरला आणि त्याची सुरुवात आपल्याच मुलखातून झाली. १९३७ साली अकोल्याच्या एका पेढीचं प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं होतं. प्रश्न असा होता की, समोर हिशेब नसताना आयकर अधिकाऱ्यानं उत्पन्न ठरवायचं तरी कसं? कौन्सिलनं सांगितलं की अधिकाऱ्याला थोडाफार अंदाज करावाच लागेल, पण त्यानं तो सूडबुद्धीनं किंवा लहरीप्रमाणे करू नये. स्थानिक माहिती, त्या माणसाची परिस्थिती, मागची विवरणपत्रं हे सगळं पाहून त्याला प्रामाणिकपणे रास्त वाटेल तोच आकडा धरावा.

१९५४ साली ढाकेश्वरी कॉटन मिल्सच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं हीच गोष्ट पक्की केली. आयकर अधिकारी दिवाणी कोर्टासारखा पुराव्याच्या तांत्रिक नियमांनी बांधलेला नाही; पण हाताशी काहीही आधार नसताना निव्वळ तर्क लढवण्याचा अधिकारही त्याला नाही. १९५६ च्या मेहता पारीख खटल्याची हकिगत तर ऐकण्यासारखी आहे. १९४६ साली सरकारनं हजाराच्या नोटा रद्द केल्या तेव्हा या पेढीनं ६१ नोटा बँकेत दिल्या. त्या रोजमेळातल्या शिलकेतल्याच आहेत असं तिचं म्हणणं होतं आणि ज्यांच्याकडून नोटा आल्या त्यांची प्रतिज्ञापत्रंही तिनं दिली होती. न्यायाधिकरणानं त्यांतल्या ३१ नोटा खऱ्या मानल्या आणि ३० मानल्या नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं विचारलं, हा अर्धा-अर्धा वाटा कशाच्या आधारावर? प्रतिज्ञापत्र देणाऱ्यांना उलटतपासणीला बोलावलं नाही, रोजमेळ खोटा ठरवला नाही, मग ते नाकारता कसे? निकाल पेढीच्या बाजूनं लागला.

नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २००६ साली जयपूरच्या एका जवाहिऱ्याच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं म्हटलं की, हिशेब विश्वासार्ह नसतील तर अधिकाऱ्याच्या अंदाजात थोडं इकडंतिकडं होणारच आणि त्याचा दोष हिशेब नीट न देणाऱ्याकडेच जातो. कोहॅनला मिळालेलं उत्तर आणि हे उत्तर एकाच वळणाचं आहे.

या सगळ्याचं सार काय? पावती हा खर्चाचा एकमेव पुरावा नाही, तो सर्वांत सोयीचा पुरावा आहे. तो गेला तर दुसरा पुरावा उभा करण्याची जबाबदारी मात्र तुमची.

तीन प्रश्न

कायद्यात व्यवसायाच्या खर्चाची कसोटी सोपी आहे. तो घरखर्च नसावा, भांडवली नसावा आणि संपूर्णपणे व्यवसायासाठीच झालेला असावा. १९६१ च्या कायद्याचं कलम ३७ हेच सांगत आलं. २०२५ साली संसदेनं नवा आयकर कायदा मंजूर केला आणि त्याचा अंमल १ एप्रिल २०२६ पासून ठरवला. त्यात कलमांचे क्रमांक बदलले, पण ही कसोटी बदलली नाही.

म्हणून पावती नसलेल्या प्रत्येक खर्चाला तीन प्रश्न विचारा. खर्च खरंच झाला का? धंद्यासाठीच झाला का? आणि नेमका किती झाला? तिन्ही उत्तरांना एकच कागद लागतो असं नाही. निरनिराळे कागद चालतात.

पैसे गेले हे सांगायला बँकेचं पासबुक, यूपीआयची नोंद, कार्डाचं विवरण आहे. वाहन अमुक दिवशी अमुक रस्त्यानं गेलं हे फास्टॅगचं विवरण सांगतं. माल आला हे वाहतूकदाराच्या बिल्टीवरून आणि ई-वे बिलावरून कळतं. पुरवठादारानं बिल दिलं होतं हे तर आता जीएसटीच्या संकेतस्थळावरच दिसतं, कारण त्यानं आपल्या विवरणपत्रात भरलेलं बिल तुमच्या खात्यात उमटतं. वीजबिल, फोनचं बिल यांच्या प्रती पुन्हा मिळतात. व्यापाऱ्याकडे मागितलं तर तो तुमचा खातेउतारा सही-शिक्क्यानिशी देतो. हे सगळं गोळा केलं की हरवलेल्या दहा बिलांपैकी सात-आठ तरी परत उभी राहतात, असा माझा अनुभव आहे.

उरतात ती खरी अडचणीची. हमाली, टेम्पोभाडं, रिक्षा, चहापाणी, मजुरी. यांची पावती मुळात कुणी देतच नाही.

सांगलीचं एक दुकान

इथं एक प्रत्यक्ष उदाहरण सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला आणि सांगलीची बाजारपेठ कितीतरी दिवस पाण्याखाली राहिली. त्या वर्षी विवरणपत्राची मुदत ३१ जुलैवरून ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली होती, म्हणजे ऐन कागदपत्रांच्या दिवसांत पाणी आलं. पंपाचे सुटे भाग विकणारे एक दुकानदार पाणी ओसरल्यावर माझ्याकडे आले. वय साठीच्या आसपास, वडिलांपासूनचं दुकान. म्हणाले, "साहेब, मालाचं काय व्हायचं ते होईल. पण पावत्यांचा पार लगदा झालाय. कपाट उघडलं तर हाताला चिखल लागला. संगणकपण गेला. आता मी खोटा ठरणार का?"

मी त्यांना म्हटलं, "दादा, कागद भिजले म्हणून माणूस खोटा ठरत नाही. पण आता वेळ घालवायचा नाही. चिखल उपसण्याआधी फोटो काढा."

त्यांची विक्री सव्वादोन कोटींच्या घरात, म्हणजे हिशेबाची तपासणी सक्तीची. अंदाजी उत्पन्नाची सोपी योजना त्यांना लागू नव्हती. आम्ही काम असं केलं. पहिल्यांदा, नुकसान झाल्याचा पुरावा. तलाठ्याचा पंचनामा, विमा कंपनीच्या सर्वेक्षकाचा अहवाल, तारखेसह फोटो आणि हिशेबाची कागदपत्रं नष्ट झाल्याची पोलीस ठाण्यातली नोंद. दुसरं, खरेदी. त्यांच्या दिवाणजींकडे घरी पेनड्राइव्हवर मार्चपर्यंतचा हिशेब होता, त्यातून पुरवठादारांची यादी निघाली. प्रत्येकाला पत्र पाठवून खातेउतारा आणि बिलांच्या दुसऱ्या प्रती मागवल्या. पुणे, कोल्हापूर, राजकोट, कोइमतूर. महिनाभरात बहुतेकांची उत्तरं आली. तिसरं, बँकेचा उतारा आणि जीएसटीची नोंद शेजारी ठेवून प्रत्येक रक्कम जुळवली.

मग हमाली आणि टेम्पोभाडं. याला कागद नव्हताच. पण किती खोकी आली हे वाहतूकदारांच्या बिल्ट्यांवरून कळत होतं आणि एका खोक्याचा हमालीचा दर बाजारात सगळ्यांना ठाऊक होता. आधीच्या तीन वर्षांत विक्रीच्या किती टक्के हमाली पडली, ते जुन्या विवरणपत्रांवरून काढलं. दोन्ही पद्धतींनी येणारे आकडे जवळजवळ सारखे आले. त्यांतला लहान आकडा आम्ही धरला. तो कसा काढला ते एका तक्त्यात लिहिलं, दुकानदारांनी त्यावर सही केली आणि मूळ कागद पुरात नष्ट झाल्याचं मी तपासणी अहवालात स्वच्छ नमूद केलं.

पुढे त्या वर्षाची छाननी झाली. तोवर तपासणीची फेसलेस पद्धत आली होती. अधिकारी समोर बसत नाही, सगळं संगणकावरून. समोर माणूस नसला की कागदालाच बोलावं लागतं आणि आमचा कागद बोलला. खरेदी पूर्ण मान्य झाली. हमाली आणि भाड्याचे ४ लाख १० हजार मागितले होते, त्यांतले ३ लाख २५ हजार मान्य झाले. पेट्रोलच्या खर्चातला काही भाग घरगुती वापराचा म्हणून काढला गेला. राहिलेल्या फरकावरचा कर दुकानदारांनी भरला. दंड लागला नाही. त्यांना मिळालं ते सगळं नव्हतं, पण रास्त होतं आणि दुकान पुन्हा उभं राहिलं.

जाता जाता, पुरात वाहून गेलेल्या किंवा खराब झालेल्या मालाचं नुकसानही धंद्याचंच नुकसान धरलं जातं. विम्याची रक्कम मिळाली तर ती त्यातून वजा होते. मात्र अशा नष्ट झालेल्या मालावर घेतलेली जीएसटीची वजावट परत करावी लागते. हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही.

स्वतः लिहिलेलं व्हाउचर

"मग आम्हीच व्हाउचर लिहिलं तर चालेल का?" हा नेहमीचा प्रश्न. चालतं, पण त्यालाही रीत आहे. डॉक्टर, वकील, वास्तुविशारद अशांनी कोणत्या वह्या ठेवायच्या ते १९६२ च्या आयकर नियमावलीत सांगितलं होतं. त्यात एक तरतूद अशी होती की जिथं बिल किंवा पावती मिळत नाही आणि खर्च ५० रुपयांपेक्षा जास्त नाही, तिथं स्वतः तयार करून सही केलेलं व्हाउचर चालेल. आज ५० रुपयांत दोघांचा चहा-वडापाव जेमतेम होतो, हे खरं. पण त्यामागचा विचार पाहा. बारीकसारीक खर्चाला पावती मिळत नाही, हे नियम करणाऱ्यांनाही माहीत होतं.

रक्कम मोठी असेल तर व्हाउचरवर नुसती तुमची सही पुरत नाही. पैसे घेणाऱ्याचं नाव, गाव, फोन नंबर, कामाचं वर्णन, तारीख आणि त्याची सही किंवा अंगठा घ्या. रोख रक्कम ५ हजारांच्या वर गेली तर पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावा. आणि हे त्या त्या दिवशी करा. मार्चअखेरीला एकाच पेनानं, एकाच बैठकीत लिहिलेली तीनशे व्हाउचरं ओळखायला अधिकारी असावं लागत नाही, शाळेतलं पोरही ओळखतं.

आणखी एक पडताळा स्वतःच घ्या. रोख खर्च दाखवला त्या दिवशी रोजमेळात तेवढी रोकड शिल्लक होती का? शिल्लक ५ हजारांची आणि खर्च ४० हजारांचा दाखवला, तर प्रश्न खर्चाचा राहत नाही. पैसे आले कुठून, असा होतो. आणि तो अधिक महाग पडतो.

पावती असूनही जिथं भागत नाही

काही ठिकाणी तर अगदी खणखणीत पावती असूनही उपयोग होत नाही. एकाच माणसाला एका दिवसात १० हजार रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोखीनं दिली, तर तो सगळा खर्च अमान्य होतो. ही मर्यादा २०१७ पर्यंत २० हजार होती. मालवाहतूकदाराला भाडं देताना ती ३५ हजार आहे. शेतकऱ्याला त्याच्या मालाचे पैसे थेट दिले तर सूट आहे; तोच माल दलालाकडून रोखीनं घेतला तर मात्र सूट धरून चालू नका.

दुसरं जीएसटीचं. आयकरात पर्यायी पुराव्यानं खर्च मान्य होऊ शकतो. पण जीएसटीची वजावट रीतसर कर-बिलाशिवाय मिळत नाही. म्हणून मोठ्या खरेदीच्या बिलाची दुसरी प्रत मिळवणं टाळू नका.

आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. पावती नाही म्हणून विकत पावती घेऊ नका. बाजारात कोऱ्या बिलबुकावर हवा तो आकडा लिहून देणारे भेटतात. २०२० पासून हिशेबात खोटं बिल घेतलेलं सापडलं तर त्या बिलाच्या रकमेइतका दंड होऊ शकतो. आणि २०१७ पासून लागू झालेल्या तरतुदीत, कसल्याही पुराव्याचा आधार नसलेला खर्च मागणं हे चुकीची माहिती देण्याच्या यादीत घातलं गेलं. त्याचा दंड चुकलेल्या कराच्या २०० टक्के. इथं 'कसल्याही' हा शब्द लक्षात ठेवा. अपुरा पुरावा असलेला माणूस आणि मुळीच पुरावा नसलेला माणूस यांत कायदा फरक करतो. सगळी माहिती उघड करून प्रामाणिक खुलासा दिला असेल, तर दंडातून सुटकेची वाट आहे. म्हणून थोडा का होईना, पण खरा पुरावा जोडा.

पावत्यांचा त्रासच नको असेल तर

लहान व्यावसायिकांसाठी एक सरळ मार्ग आहे, अंदाजी उत्पन्नाचा. छोट्या धंद्यात वर्षाची उलाढाल २ कोटींपर्यंत असेल तर रोख जमेच्या ८ टक्के आणि बँकेतून किंवा डिजिटल मार्गानं आलेल्या जमेच्या ६ टक्के नफा धरून कर भरता येतो. रोखीची जमा एकूण जमेच्या ५ टक्क्यांच्या आत असेल तर ही मर्यादा ३ कोटींपर्यंत जाते. डॉक्टर, वकील, अभियंता यांसारख्यांसाठी जमेच्या निम्मा नफा धरतात. मर्यादा ५० लाखांची आणि रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांची. मालवाहू गाड्या असणाऱ्यांसाठी, १० पर्यंत गाड्या असतील तर, हलक्या गाडीमागे महिना ७,५०० रुपये आणि १२ टनांवरच्या जड गाडीला टनामागे महिना एक हजार रुपये असा हिशेब आहे.

या योजनेत खर्चाच्या पावत्या दाखवाव्या लागत नाहीत, कारण खर्च आधीच वजा धरलेला असतो. पण वस्तुस्थितीत नफा त्याहून कमी असेल, तर ही योजना तुम्हाला महाग पडेल. आणि छोट्या धंद्याच्या योजनेतून मधेच बाहेर पडलात तर पुढची पाच वर्षं तिच्यात परत येता येत नाही. तेव्हा आकडेमोड करूनच निवडा. आणि जमा किती झाली याचा हिशेब मात्र ठेवावाच लागतो.

आपली कितीतरी मुलं आता परदेशात नोकरी करतात, तीही फोन करून विचारतात. तिथले नियम वेगळे. ऑस्ट्रेलियात नोकरदारालाही कामाचा खर्च वजा मागता येतो. तिथं २०२४-२५ च्या करवर्षात असा एकूण खर्च ३०० डॉलरच्या आत असेल तर लेखी पुरावा लागत नव्हता. पण तिथली मंडळी एक गल्लत करतात. ३०० डॉलर ही सरसकट मिळणारी सूट नव्हती. पैसे खरोखर खर्च झालेले असावे लागत आणि आकडा कसा काढला ते सांगता यावं लागे. अमेरिकेत तर नोकरदारांची अशी वजावट २०१८ पासून बंद झाली. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांना ती मिळते. तेव्हा मेलबर्नचा नियम न्यूजर्सीला लावू नका आणि दोन्हीकडचा नाशिकला लावू नका.

आजपासून काय करावं

शेवटी घरी करण्यासारख्या चार गोष्टी. पंपावरच्या आणि दुकानांतल्या गुळगुळीत कागदाच्या चिठ्ठ्यांची शाई काही महिन्यांत उडते. त्यांचा त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढा. धंद्याचं बँक खातं आणि घरचं खातं वेगळं ठेवा. निम्मे वाद तिथंच मिटतात. गाडी दोन्हीकडे वापरत असाल तर एका साध्या वहीत तारीख, ठिकाण, काम आणि किलोमीटर लिहा. आणि हिशेबाची एक प्रत दुकानाच्या बाहेर, दुसऱ्या छपराखाली ठेवा. आयकरासाठी संबंधित आकारणी वर्ष संपल्यापासून सहा वर्षं आणि जीएसटीसाठी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने कागद जपायचे असतात. एवढ्या काळात एखादा पूर, एखादी आग किंवा निदान वाळवी येऊन जातेच.

आणि कागद हरवलेच, तर लपवू नका. काय हरवलं, कसं हरवलं आणि त्याच्या जागी तुम्ही काय उभं केलं, ते सरळ लिहून द्या. मागण्याचा आकडा ओढून ताणून मोठा करू नका. हातचा थोडा राखूनच मागा. जो खर्च झालाच नाही तो मागणाऱ्यासाठी कायदा कडक आहे. पण ज्यानं पदरचे पैसे धंद्यात घातले आणि फक्त कागद गमावला, त्याचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलेलं आहे. आपला हक्काचा खर्च मागायला संकोच करू नका. फक्त तो मागताना आपली वही स्वच्छ असू द्या.